खानबहादूर अझीझुल हक

काचेच्या पेल्यास हात लावला, की त्यावर बोटांच्या रेषा उमटतात. त्या रेषांवरून माणूस ओळखता येतो, हे आज लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु हजारो ठशांतून नेमका एक ठसा शोधण्याची रीत ज्यांनी बसविली, त्या अझीझुल हक यांचे नाव पुष्कळ वर्षे मागेच राहिले.

हक यांचा जन्म १८७२ साली बंगालमधील खुलना जिल्ह्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. आईवडील लहानपणीच नाव उलटून वारले. पुढे ते घर सोडून कलकत्त्यास आले. तेथे एका कुटुंबाने त्यांना आश्रय दिला व शाळेत घातले. गणितात त्यांची बुद्धी विलक्षण चाले. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांनी तेथील प्राचार्यांकडे एक हुशार गणिती मागितला. प्राचार्यांनी हक यांचे नाव सुचविले.

त्या काळी गुन्हेगारांची ओळख शरीराच्या मापांवरून पटवीत. पण माप घेणारा बदलला, की मापही थोडेसे बदले. बोटांचे ठसे मात्र जन्मभर तेच राहतात. अडचण एवढीच होती, की ठशांच्या ढिगातून हवा तो कागद सापडावा कसा? हक यांनी दहा बोटांच्या पाच जोड्या केल्या. एका जोडीतील कोणत्या बोटावर चक्र आहे व कोणत्यावर नाही, याचे चार प्रकार होतात. पाच जोड्यांचे मिळून १०२४ होतात. तितकेच खण असलेल्या कपाटात प्रत्येक कागदाची जागा ठरली आणि शोध काही मिनिटांचा झाला. सरकारी समितीने ही पद्धत तपासून पाहिली व १८९७ साली कलकत्त्यास ठसे-केंद्र निघाले. हक यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचाही या कार्यात मोठा वाटा होता.

खण सापडला, तरी खरे काम पुढेच असते. नुसता आकार जुळून भागत नाही. कोणती रेषा कोठे संपते, कोठे दुभंगते, दोन खुणांमध्ये किती रेषा येतात, हे भिंगातून एकेक करून पाहावे लागते. उलगडा न होणारा एकच भेद आढळला, तरी ठसा जुळला असे म्हणता येत नाही. ही दृष्टी जन्मजात नसते. ती अभ्यासाने येते. म्हणूनच आज ठसेतज्ज्ञांना अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते.

जलपायगुडी येथे चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तेथील पंचांगावर उमटलेला अंगठा एका जुन्या नोकराच्या नोंदीशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, पण खुनाच्या आरोपातून सोडले. ठसा हाताचा स्पर्श सांगतो. त्या हाताने पुढे काय केले, हे सांगत नाही.

ही पद्धत जगभर हेन्रींच्या नावाने गाजली. हक यांना १९१३ साली खानसाहेब व १९२४ साली खानबहादूर हे किताब मिळाले. पुढे १९२६ साली स्वतः हेन्रींनी पत्र लिहून आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे मान्य केले. १९३५ साली बिहारमधील मोतिहारी येथे हक यांचे निधन झाले. ज्यांनी अगणित अनोळखी माणसांची ओळख पटविण्याची सोय केली, त्यांची स्वतःची ओळख जगास फार उशिरा पटली.