डॉ. वसंत रामजी खानोलकर : रोग रक्तात की सवयीत?

घरात एकाला कर्करोग झाला की इतरांच्या मनात धास्ती शिरते; सोयरीक जुळविणारेही त्या घराकडे साशंकतेने पाहू लागतात. हा रोग रक्तातून उतरतो काय, या प्रश्नाचा शोध ज्यांनी घेतला, त्या डॉ. खानोलकरांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

डॉक्टरांचा जन्म १८९५ सालचा. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राची उच्च पदवी संपादून ते मायदेशी परतले व मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करू लागले. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

हिंदी लोकांना कर्करोग क्वचितच होतो, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. डॉक्टरांनी ती रुग्णांच्या नोंदींवर पारखली. १९४४ साली त्यांनी मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. धोतर जेथे घट्ट आवळले जाते तेथे कमरेच्या त्वचेला आणि चुना-तंबाखू जेथे धरली जाते तेथे ओठाच्या आत रोग उद्भवतो, हेही त्यांनी दाखविले. रूढी आणि सवयी यांचा वाटा असा स्पष्ट झाला.

तथापि आनुवंशिकतेकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. डॉ. संघवी यांच्यासह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजांच्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास १९४९च्या सुमारास प्रसिद्ध केला. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालकपद व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९७८ साली ते निवर्तले.

त्याच्या आदल्याच वर्षी आमच्या हैदराबादेत पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र स्थापन झाले होते. अशाच अंतर्विवाही समाजांच्या जनुकांचा अभ्यास तेथे आज चालतो. लसिकापेशींच्या कर्करोगाविषयी, म्हणजे लिम्फोमाविषयी, आता एवढे निश्चित कळले आहे की, काही जनुकभेद, विशेषतः सहाव्या गुणसूत्रावरील रोगप्रतिकारासंबंधीचे, त्याचा धोका किंचित वाढवितात वा घटवितात. जवळच्या नातलगास तो झाला असेल, तरीही धोका काहीसा वाढतो. परंतु असे जनुकभेद असणाऱ्या बहुतेकांना तो कधीच होत नाही, आणि बहुतेक रुग्णांच्या कुळात तो पूर्वी आढळलेला नसतो.

विद्यार्थी मित्रहो, आजारी माणसाच्या घराला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे. जनुके कोणी निवडून घेत नाही. तंबाखू मात्र दूर ठेवता येते. डॉक्टरांच्या परिश्रमांतून आम्ही एवढा बोध तरी घ्यावा.