ठिसूळ हाडांचा चित्रकार

फ्रान्समधल्या आल्बी गावी २४ नोव्हेंबर १८६४ रोजी एका उमराव घराण्यात आंरी द तुलूज-लोत्रेक जन्मला. त्याचे आईवडील सख्खी मावसभावंडे होती. वडिलांना घोडेस्वारी आणि शिकारीचा नाद. मुलगाही तसाच होईल, ही त्यांची अपेक्षा. पण तेराव्या वर्षी साध्याशा पडण्याने आंरीच्या एका मांडीचे हाड मोडले आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या मांडीचे. त्यानंतर पाय वाढलेच नाहीत. धड प्रौढाचे, पाय मुलाचे आणि उंची जेमतेम दीड मीटर. अंथरुणाला खिळलेल्या त्या महिन्यांत त्याने चित्रे काढायचा सपाटा लावला. पुढे पॅरिसच्या मोंमार्त्र भागातल्या नर्तकी, गायिका आणि वेश्या त्याने माणूस म्हणून रंगवल्या. १८९१ मधल्या ‘मूलां रूज’च्या पोस्टरने तो रातोरात प्रसिद्ध झाला. दारू आणि सिफिलिसने पोखरलेल्या लोत्रेकचा ९ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी मृत्यू झाला.

त्याला नेमके काय झाले होते? १९६२ मध्ये मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी ‘पिक्नोडायसोस्टोसिस’ हा दुर्मीळ आनुवंशिक आजार वेगळा ओळखला आणि तीनच वर्षांनी लोत्रेकला तोच असावा, असे मत मांडले. या आजारात उंची खुंटते, हनुवटी आत जाते, टाळू भरून येत नाही. हाडे दाट दिसतात, पण खडूसारखी मोडतात. उलट बोटांच्या टोकांची हाडे मात्र झिजून बोटे आखूड होतात. १९९६ मध्ये यामागचे जनुक सापडले. जुने हाड खाऊन साफ करणाऱ्या पेशींना लागणारे ‘कॅथेप्सिन के’ हे विकर त्यामुळे बिघडते. जुने हाड निघत नाही, म्हणून नवे नीट रचले जात नाही. सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही आले, तरच आजार होतो. जवळच्या नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. लोत्रेकबाबतचे हे निदान मात्र सर्व अभ्यासकांना मान्य नाही.

बोटांच्या टोकांचे हाड झिजण्याची इतर कारणे अधिक आढळतात. स्क्लेरोडर्मात रक्तपुरवठा कमी पडतो. थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे ही त्याची आधीची खूण. कुष्ठरोगात संवेदना गेल्याने जखमा कळत नाहीत आणि हाड झिजत जाते. सोरायसिसचा संधिवात, पॅराथायरॉइड ग्रंथीचा अतिरेक आणि हिमदंश हीदेखील कारणे आहेत. पीव्हीसी कारखान्यांत टाक्या साफ करणाऱ्या कामगारांना व्हिनाइल क्लोराइडमुळे हा त्रास झाला होता.

बोटांची टोके आखूड, बोथट होत असतील किंवा नखे रुंद आणि चपटी होत असतील, तर हाताचा साधा एक्स-रे बरेच सांगून जातो. कुष्ठरोग किंवा स्क्लेरोडर्मा वेळीच ओळखला, तर उरलेली बोटे वाचवता येतात. लोत्रेकच्या लहानपणी ती सोय नव्हती.