एम्मा लुईसा टर्नर

एम्मा लुईसा टर्नर (९ जून, १८६७ – १३ ऑगस्ट, १९४०) या इंग्लिश पक्षिनिरीक्षक, लेखिका आणि पक्षिछायाचित्रणाच्या क्षेत्रातील आद्य छायाचित्रकारांपैकी एक होत्या. इंग्लंडच्या पूर्व भागातील नॉरफोक परगण्यात ब्रॉड्स या नावाने ओळखला जाणारा उथळ तळ्यांचा व दलदलींचा प्रदेश आहे. तेथील पक्ष्यांचा त्यांनी सुमारे २५ वर्षे अभ्यास केला. बिटर्न हा बगळ्यांच्या कुळातील पक्षी ब्रिटनमधून प्रजननक्षम पक्षी म्हणून नामशेष झाला होता. १९११ साली टर्नर यांनी टिपलेले त्याच्या पिल्लाचे छायाचित्र हा तो परतल्याचा पहिला पुरावा ठरला. लंडनच्या लिनियन सोसायटीने फेलो म्हणून निवडलेल्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांचा समावेश होतो.

प्रारंभिक जीवन

टर्नर यांचा जन्म इंग्लंडच्या केंट परगण्यातील लँग्टन ग्रीन येथे झाला. हे गाव टनब्रिज वेल्स या शहराजवळ आहे. त्यांचे वडील किराणा व कापडाचे व्यापारी होते आणि घरची स्थिती चांगली होती. एम्मा १३ वर्षांच्या असताना त्यांच्या आईचे निधन झाले. त्यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. पुढील काळात ब्रिटनमधील विद्यापीठ-पदवीधर स्त्रियांच्या महासंघाने मात्र त्यांना मानद सदस्यत्व दिले.

छायाचित्रणाकडे त्या वयाच्या तिशीनंतर वळल्या. १९०० साली त्यांची भेट रिचर्ड कीअर्टन यांच्याशी झाली. रिचर्ड आणि त्यांचे बंधू चेरी कीअर्टन यांनी १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक प्रसिद्ध केले होते. निसर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या छायाचित्रांनी सजविलेले अशा प्रकारचे ते पहिले पुस्तक मानले जाते. कीअर्टन यांच्या भेटीनंतर टर्नर यांनी कॅमेरा हाती घेतला. १९०१ मध्ये त्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीच्या सदस्य झाल्या. १९०४ पर्यंत त्या स्वतः काढलेल्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या मॅजिक लँटर्नवर (शांबरिक खरोलिकेवर) दाखवून जाहीर व्याख्याने देऊ लागल्या होत्या. १९०८ च्या सुमारास व्यावसायिक व्याख्यात्या म्हणून त्यांचा जम बसला.

ब्रॉड्समधील वास्तव्य

ब्रॉड्समधील तळी नैसर्गिक दिसत असली तरी ती मानवनिर्मित आहेत. मध्ययुगात जळणासाठी तेथे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची जळाऊ माती) खणून काढले जाई. पुढे पाण्याची पातळी वाढल्याने हे खड्डे भरले आणि त्यांच्या काठांनी बोरूची दाट बने वाढली. छपरे शाकारण्यासाठी हा बोरू कापला जात असे, त्यामुळे ही बने टिकून राहिली. पाणकोंबड्या, टिबुकल्या, बदके, भोवत्ये आणि बोरूत राहणारे लहान पक्षी यांना येथे आसरा मिळाला.

टर्नर यांनी या भागात राहण्यासाठी स्वतःच्या कल्पनेनुसार एक गृहनौका बांधून घेतली. ब्रॉड्समध्ये त्यांनी सर्वप्रथम ज्या पक्ष्याचे छायाचित्र टिपले, त्यावरून तिला वॉटर रेल हे नाव देण्यात आले. वॉटर रेल हा पाणकोंबडीच्या कुळातील, बोरूत दडून राहणारा अत्यंत लाजाळू पक्षी आहे. वर्षाचा काही काळ त्या हिकलिंग ब्रॉड या विस्तीर्ण तळ्यावर या नौकेत राहत. दोन हिवाळेही त्यांनी तेथेच काढले. तळ्याच्या आग्नेय भागातील एका छोट्या बेटावर त्यांची झोपडी होती. ते बेट पुढे टर्नर यांचे बेट म्हणून ओळखले जाऊ लागले.

वसंत ऋतूतील निरीक्षणे व छायाचित्रणपद्धती

वसंत ऋतू हा या कामाचा मुख्य हंगाम होता. पक्षी विणीसाठी एका ठिकाणी स्थिरावतात आणि घरट्याकडे पुन्हा पुन्हा परततात, म्हणून त्या काळातील कॅमेऱ्याने त्यांना टिपणे याच दिवसांत शक्य होई. तेव्हा दूरवरचे पक्षी जवळ आणणारी आजच्यासारखी हलकी भिंगे नव्हती. छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली जात. प्रत्येक छायाचित्रासाठी नवी पट्टी बसवावी लागे, आणि प्रकाश कमी असल्यास पक्षी क्षणभर तरी निश्चल राहणे आवश्यक असे. छायाचित्रकाराला पक्ष्यापासून काही फुटांवर, त्याला न बिचकवता, तासन्‌तास बसावे लागे. यासाठी बोरू आणि गवताने झाकलेले लपण तयार करावे लागे. पाणथळ जागी हे लपण बहुधा दलदलीत किंवा सपाट बुडाच्या होडीवर असे.

तुरेवाल्या मोठ्या टिबुकलीचे घरट्यावरील छायाचित्र हे टर्नर यांचे सर्वांत गाजलेल्या छायाचित्रांपैकी एक होय. या छायाचित्रामुळे त्यांना रॉयल फोटोग्राफिक सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ही टिबुकली पाणवनस्पतींचे तरंगते घरटे बांधते, घरटे सोडून जाताना अंडी ओल्या पानांनी झाकते आणि पिल्लांना पाठीवर घेऊन पोहते. वसंतात नर-मादी समोरासमोर येऊन माना हलवितात व चोचीत पाणवनस्पती धरून पाण्यावर उभे राहतात. तिच्या पोटावरील मऊ, चमकदार पिसांना स्त्रियांच्या टोप्या व हातमोज्यांसाठी मोठी मागणी होती. त्यासाठी झालेल्या शिकारीमुळे १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये तिच्या काही डझन जोड्याच उरल्या होत्या. कायद्याचे संरक्षण मिळाल्यानंतर ती हळूहळू सावरली. टर्नर यांच्या छायाचित्रात दिसणारा पक्षी हा त्या सावरण्याचा साक्षीदार होता.

१९०७ साली पी. एच. बार यांच्यासह त्यांनी दलदलीतील पक्ष्यांच्या जीवनक्रमावर पुस्तक प्रसिद्ध केले. घरटे, अंडी, पिल्लांचे संगोपन आणि नर-मादीचे वर्तन यांचे वर्णन व छायाचित्रे असे त्याचे स्वरूप होते.

बिटर्नचे पुनरागमन

बिटर्न हा तपकिरी, काळ्या रेघा असलेला पक्षी बोरूच्या बनात राहतो. धोका जाणवताच तो चोच आकाशाकडे रोखून ताठ उभा राहतो. त्याच्या अंगावरील रेघा बोरूच्या काड्यांत मिसळून जातात, त्यामुळे तो काही पावलांवर असूनही दिसत नाही. हिवाळ्यात हा पक्षी उत्तर भारतातही येतो. वसंतात नराचा घुमणारा खोल आवाज काही किलोमीटर दूरवर ऐकू येतो, मात्र केवळ आवाजावरून पक्ष्याची वीण होत असल्याचे सिद्ध होत नाही.

दलदलींचा उपसा, खाण्यासाठी होणारी शिकार आणि अंड्यांचा व कातड्यांचा संग्रह या कारणांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधील बिटर्नची वीण थांबली. त्या काळी दुर्मीळ पक्ष्याची नोंद मान्य होण्यासाठी तो मारून नमुना सादर करण्याची पद्धत रूढ होती. त्यामुळे एखादा पक्षी जितका दुर्मीळ होई, तितका त्याच्या जिवाला धोका वाढे.

१९११ च्या उन्हाळ्यात टर्नर आणि हिकलिंग येथील शिकाररक्षक जिम व्हिन्सेंट यांना नॉरफोकमधील बोरूच्या बनात बिटर्नचे पिल्लू आढळले. व्हिन्सेंट यांना या दलदलीची बारकाईने माहिती होती, आणि टर्नर यांच्याकडे कॅमेरा व अनेक वर्षांचा सराव होता. टर्नर यांनी पिल्लाचे छायाचित्र घेतले. उडता न येणारे पिल्लू याच ठिकाणी जन्मले असले पाहिजे, हे उघड असल्याने वादाला जागा उरली नाही. एका नामशेष पक्ष्याचे पुनरागमन बंदुकीऐवजी कॅमेऱ्याने सिद्ध झाले, हे या घटनेचे विशेष महत्त्व होय. त्यानंतर नॉरफोकमध्ये बिटर्नची संख्या वाढत गेली.

स्कॉल्ट हेड येथील कार्य

स्कॉल्ट हेड हे नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावरील वाळूचे व खाजणांचे बेट आहे. तेथे सुरय पक्ष्यांच्या मोठ्या वसाहती दर वर्षी विणीसाठी येतात. सुरय उघड्या वाळूवर अंडी घालतात. ही अंडी वाळूच्याच रंगाची असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाखाली सहज चिरडली जातात, तसेच अंडी गोळा करणाऱ्यांच्या हाती सहज लागतात. १९२३ साली लोकवर्गणीतून हे बेट विकत घेऊन नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपविण्यात आले.

या बेटाच्या पहिल्या रक्षक म्हणून टर्नर यांनी १९२४ व १९२५ च्या विणीच्या हंगामात काम केले. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी ही जबाबदारी स्वीकारली. बेटावरील झोपडीत राहून वसाहतींवर लक्ष ठेवणे, येणाऱ्यांना घरट्यांपासून दूर ठेवणे आणि स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या नोंदी घेणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. एकटी स्त्री निर्जन बेटावर राहते, याचे वृत्तपत्रांना मोठे कुतूहल वाटले आणि त्यांनी टर्नर यांना इंग्लंडमधील सर्वांत एकाकी स्त्री म्हणून रंगविले. प्रत्यक्षात त्यांच्याकडे पाहुण्यांची सतत ये-जा असे. या अनुभवांवरील त्यांचे पुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले.

संस्थात्मक कार्य व सन्मान

लिनियन सोसायटीने १९०४ च्या डिसेंबरमध्ये प्रथमच स्त्रियांना फेलो म्हणून निवडले. त्या पहिल्या गटात टर्नर होत्या. १९०९ मध्ये ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनने चार स्त्रियांना मानद सदस्यत्व दिले. त्यांत टर्नर यांच्यासह डचेस ऑफ बेडफर्ड, जीवाश्मशास्त्रज्ञ डोरोथिया बेट आणि पिसांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या मार्गारेटा लेमन यांचा समावेश होता. १९२१-२२ या काळात टर्नर नॉरफोक अँड नॉर्विच नॅचरलिस्ट्स सोसायटीच्या अध्यक्ष होत्या.

लेखन

टर्नर यांनी आठ पुस्तके आणि नियतकालिकांतून अनेक लेख लिहिले. त्यांची काही पुस्तके पुढीलप्रमाणे:

- द होम-लाइफ ऑफ सम मार्श-बर्ड्स (१९०७, पी. एच. बार यांच्यासह)
- ब्रॉडलँड बर्ड्स (१९२४)
- बर्ड वॉचिंग ऑन स्कॉल्ट हेड (१९२८)
- स्ट्रे लीव्ह्ज फ्रॉम नेचर्स नोटबुक (१९२९)
- टोगो, माय स्क्विरल (१९३२)
- माय स्वॉन्स, द विली-विलीज (१९३२)
- एव्हरी गार्डन अ बर्ड सँक्च्युअरी (१९३५)

यांपैकी शेवटचे पुस्तक घराभोवतीच्या बागेत पक्ष्यांना आसरा कसा द्यावा, या विषयावर आहे.

अखेरचा काळ

आयुष्याच्या उत्तरार्धात टर्नर केंब्रिज परिसरात राहत होत्या. त्यांना बागकामाची व कुत्री पाळण्याची आवड होती. मृत्यूपूर्वी दोन वर्षे त्यांची दृष्टी गेली आणि त्यांना छायाचित्रण सोडावे लागले. १३ ऑगस्ट, १९४० रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

हिकलिंग ब्रॉड १९४५ साली संरक्षित निसर्गक्षेत्र झाले. स्कॉल्ट हेडला १९५४ साली राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. बिटर्नची स्थिती मात्र त्यानंतरही स्थिर राहिली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाढलेली त्याची संख्या बोरूची बने सुकल्याने व पाणी दूषित झाल्याने पुन्हा घटली. १९९७ साली संपूर्ण ब्रिटनमध्ये घुमणारे केवळ ११ नर मोजले गेले. बोरूच्या बनांचे पुनरुज्जीवन आणि नव्या बनांची निर्मिती यांमुळे पुढील काळात ही संख्या दोनशेच्या पुढे गेली. आजही ही मोजणी वसंत ऋतूत नरांच्या आवाजावरून केली जाते.