संडेचं गाणं बांधणारे अण्णा

रविवारी रात्री मेस बंद. हॉस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकाला एवढा एक नियम पाठ असतो, न्यूटनचे असोत नसोत. मग संध्याकाळी खिसे चाचपत टोळकी सीताबर्डीकडे नाहीतर धरमपेठेकडे निघतात. त्यातला एखादा गडी मात्र हळूच गळतो, इस्त्रीचा शर्ट चढवतो आणि जिथे गाणी हळू वाजतात अशा हॉटेलात जाऊन बसतो. कारण समोर 'ती' असते. (एरवी हाच गडी सावजीत जेवतो. तिथे रश्श्याबरोबर संगीत लागत नाही, रुमाल लागतो.)

तर रविवार, प्रेम, खाणं आणि गाणं या चारही गोष्टी एकाच गाण्यात कोंबणारा माणूस आपल्या नागपुरातच गाणं शिकला होता, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ते शिकले. वसंतराव देशपांडेही याच सप्रे गुरुजींचे शिष्य. एकाच गुरूची दोन पोरं, आणि पुढे दोघांच्या वाटा किती वेगळ्या! पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडेही अण्णांनी शास्त्रीय संगीताची तालीम घेतली. म्हणजे पाया एकदम पक्का, आरसीसी.

पण मुलाला व्हायचं होतं हिरो. 'नागानंद' नावाच्या सिनेमात ते नायक झालेही, पण पुढे ती गाडी काही चालली नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा कंपनीत किरकोळ भूमिका आणि हार्मोनियम वाजवणं. तिथून संगीत दिग्दर्शन, तेही आधी तमिळ सिनेमांत. १९४२ मध्ये भगवानदादांच्या 'सुखी जीवन'ने हिंदीत पाय रोवले.

आता खरी गोष्ट मुंबईच्या हॉटेलांची. त्या काळात ताजसारख्या मोठ्या हॉटेलांत जेवणाबरोबर बँड असायचा. गिऱ्हाईक सूप पीत असेपर्यंत संथ सुरावटी, मग जोडपी उठून नाचायला लागली की फॉक्सट्रॉट, रुंबा. वाजवणारे बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवायला तयार, जसं आपल्याला ड्रॉइंग बघून जॉब करता यावा तसं (यावा म्हटलं, येतो असं नाही). त्यात आल्डोन्याचा एक ट्रम्पेटवाला होता, आंतोनियो झेवियर वाझ. नाव पडलं चिक चॉकलेट. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत त्याला. अण्णांनी या माणसाला हाताशी धरलं. वाझ आणि त्याच्यासारखे गोवेकर वादक रात्री हॉटेलात साहेबलोकांच्या जेवणाला वाजवत आणि दिवसा स्टुडिओत हिंदी प्रेमगीतांना. १९५० च्या सुमारास मुंबईत दारूबंदी आली, हॉटेलांतल्या रात्री ओसरल्या, तेव्हा यातल्या कित्येकांच्या घरची चूल स्टुडिओने पेटती ठेवली. त्यांची नावं मात्र रेकॉर्डवर क्वचितच छापली गेली, हे आपल्याला तरी बरोबर वाटत नाही.

या मंडळींच्या साथीने १९४७ च्या 'शहनाई'तलं ते संडेवालं गाणं घराघरात गेलं. त्यात शीळ आहे, पाश्चात्त्य ठेका आहे आणि साहेब बनलेला एक प्रियकर आहे. तो पोरीला पॅरिस-लंडन फिरवायचं, ब्रँडी-व्हिस्की पाजायचं, अंडी खाऊ घालायचं आमिष दाखवतो. आणि पोरगी त्याचा धर्म आणि मांसाहार काढून त्याला झाडते! मेनूकार्ड दाखवून प्रेम जमत नाही, हे स्वातंत्र्याच्या वर्षीच सिद्ध झालं होतं म्हणायचं. पुरुषाचा आवाज स्वतः अण्णांचा, चितळकर या नावाने.

मग १९५१ चा 'अलबेला'. भगवानदादा, गीता बाली आणि 'शोला जो भडके'. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, सगळा हॉटेलातला सरंजाम. आणखी एका गाण्यात तर चिक चॉकलेटचा बँडच झालरीचे शर्ट घालून पडद्यावर आला. १९५७ मध्ये 'आशा'तलं 'ईना मीना डीका' आलं. शब्दांना काडीचा अर्थ नाही, तरी आपल्या गॅदरिंगमध्ये आजही त्यावर पाय थांबत नाहीत.

जाणकारांनी नाकं मुरडली, आणि अगदी उगाच नाही. 'समाधी'तलं 'गोरे गोरे' ही १९४५ च्या एका अमेरिकन सिनेमातल्या गाण्याची सरळ उचल आहे. जर्नल उतरवणाऱ्यांनी त्यावर फार बोलू नये, पण उचल ती उचलच. प्रश्न मोठा होता: विनायकबुवांचा शिष्य लोकांच्या जेवणाला वाजणारं संगीत सिनेमात का आणतो? उत्तर 'अनारकली' (१९५३) आणि 'आझाद' (१९५५) ऐकल्यावर मिळतं. 'जाग दर्द-ए-इश्क जाग' आणि 'राधा ना बोले' ही दोन्ही गाणी बागेश्रीतली, आणि लताबाईंचा आवाज. तिथे सॅक्सोफोनची आठवणही येत नाही. माझं मत विचाराल तर नागपूर-पुण्याची तालीम होती म्हणूनच त्यांना हॉटेलचा बँड पेलला. नाहीतर बँडच त्यांना घेऊन गेला असता.

साठीच्या दशकात त्यांचे हिंदी सिनेमे कमी झाले. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत, पंडित नेहरूंसमोर, लताबाईंनी प्रदीपजींचं शहीदांवरचं गाणं म्हटलं, ती चाल अण्णांचीच. संडेवाला आणि हा, माणूस एकच, यावर पटकन विश्वास बसत नाही.

पुढे १९७० च्या सुमारास मराठी 'घरकुल'मध्ये त्यांनी आशाबाईंकडून एक गाणं गाऊन घेतलं, 'मलमली तारुण्य माझे'. अंगावर काटा आणणारं शृंगारगीत, एकही बँड न नाचवता. शब्द आपल्या विदर्भाच्या सुरेश भटांचे, ज्यांच्या नावाचं सभागृह आज रेशीमबागेत उभं आहे.

अण्णा ५ जानेवारी १९८२ ला मुंबईत गेले. चौसष्ट पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र त्याआधीच लिहून झालं होतं.