खाटेवरून क्रीडांगणाकडे

राष्ट्राच्या संपत्तीचा हिशेब मांडताना अर्थशास्त्र माणसाकडे श्रमशक्ती म्हणून पाहते. या हिशेबात ज्याचे पाय गेले, तो सहसा जमेच्या रकान्यातून खर्चाच्या रकान्यात ढकलला जातो. हा हिशेबच चुकीचा आहे, हे सर लुडविग गटमन यांनी कृतीने सिद्ध केले. म्हणून त्यांचे चरित्र केवळ वैद्यकाच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.

गटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ रोजी तत्कालीन जर्मनीतील सायलेशिया प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. कोळशाच्या खाणींच्या या मुलखात १९१७ साली ते एका रुग्णालयात सेवक म्हणून काम करीत होते. पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण खाणकामगार तेथे दाखल झाला. तो वाचणार नाही, हे डॉक्टरांनी गृहीतच धरले होते. काही आठवड्यांत तो गेलाही. त्या काळी अशा बहुतेक रुग्णांची हीच गत होई. वास्तविक बहुतेकांना मृत्यू गाठी तो मोडलेल्या कण्यामुळे नव्हे, तर पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याव्रणांमुळे आणि मूत्रमार्गाच्या जंतुदोषामुळे.

पुढे गटमन ब्रेस्लाऊ येथे नामांकित मज्जाशल्यचिकित्सक झाले. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना पदावरून दूर केले, तेव्हा त्यांनी तेथील ज्यू रुग्णालयात काम पत्करले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंवर हल्ले झाले, त्या रात्री दाराशी आलेल्या प्रत्येकाला दाखल करून घेण्याचा आदेश त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोसमोर एकेकाच्या आजाराचे कारण सांगून चौसष्टांपैकी साठ जणांना त्यांनी वाचविले. १९३९ च्या मार्चमध्ये ते सहकुटुंब इंग्लंडला गेले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या दुखापतींसाठी केंद्र उघडले आणि त्याची सूत्रे गटमन यांच्याकडे आली. रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचे हा त्यांचा दंडक होता आणि तो पाळला जातो की नाही हे ते स्वतः पाहत. जीव वाचल्यावर त्यांनी रुग्णांना सुतारकामासारख्या कामांना लावले आणि चाकांच्या खुर्चीवरून खेळावयास उतरविले. धनुर्विद्येने खांदे व पाठ बळकट होते आणि बसल्या जागी तोल सावरता येतो. शिवाय धडधाकट प्रतिस्पर्ध्याशी बरोबरीने सामना देता येतो. खेळाकडे त्यांनी मनोरंजन म्हणून नव्हे, उपचार म्हणून पाहिले.

२९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा अपंग स्त्रीपुरुष धनुर्धर स्पर्धेत उतरले. १९५२ मध्ये हॉलंडचे खेळाडू आले. १९६० मध्ये रोम येथे तेवीस देशांचे सुमारे चारशे खेळाडू जमले. हीच पहिली पॅरालिंपिक स्पर्धा मानली जाते. १९७२ च्या हायडेलबर्ग येथील स्पर्धेत सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या या जवानाचे पदक हे पॅरालिंपिकमधील भारताचे पहिले सुवर्ण होय. १८ मार्च १९८० रोजी गटमन निवर्तले.

या चरित्राचा अर्थ केवळ पदकांच्या संख्येत शोधू नये. प्रत्येक अपंग पदक जिंकू शकणार नाही. तशी अपेक्षाही गटमन यांनी धरली नव्हती. आपला रुग्ण कमावता आणि कर भरणारा नागरिक व्हावा, एवढेच त्यांचे उद्दिष्ट होते. आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु कचेरीच्या पायऱ्या चढता येत नसतील, तर त्या राखीव जागेवर पोहोचायचे कसे? महाविद्यालयाचे ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर असेल आणि उद्वाहन नसेल, तर आपण त्या विद्यार्थ्याला खाटेवरच परत पाठवीत असतो. त्या खाणकामगाराच्या बाबतीत डॉक्टरांनी जे गृहीत धरले, तेच आपण आज अधिक सभ्यपणे गृहीत धरीत नाही ना, हे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी या नात्याने आपण तपासून पाहिले पाहिजे. उतरत्या फरसबंदीचा खर्च फार नसतो; तो न केल्याने वाया जाणारे मनुष्यबळ मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.