घाटकोपरचा छापखाना, प्लेगची साथ आणि देवांना चेहरा देणारे राजा रवी वर्मा

कमळात उभी असलेली लक्ष्मी. वीणा वाजवणारी सरस्वती आणि शेजारी मोर. ही चित्रं कॅलेंडरवर, देवघरात, दुकानाच्या गल्ल्यामागे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. देवांना हा चेहरा देणाऱ्या माणसाचा एक पत्ता मुंबईच्या उपनगरातला होता: घाटकोपर.

राजा रवी वर्मा यांचा जन्म १८४८ सालचा, केरळमधल्या किळिमानूरचा. त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार आला होता. तो तैलरंगाची विद्या शिकवायला तयार नव्हता, काम करताना फक्त बघू द्यायचा. रवी वर्मा बघूनच शिकले.

काय शिकले? पाठीमागे अंधार ठेवायचा आणि उजेड नेमका चेहऱ्यावर पाडायचा. रेम्ब्रांसारख्या युरोपियन चित्रकारांनी याच पद्धतीने म्हातारपण, दुःख आणि मरण रंगवलं होतं. रवी वर्मांनी ती पद्धत आपल्या पुराणकथांसाठी वापरली.

त्यांचं जटायुवधाचं चित्र बघा. रावणाने तलवार उगारली आहे, जटायूचा पंख छाटला गेला आहे आणि सीतेने हाताने डोळे झाकून घेतलेत. तिला ते बघवत नाही. जटायू आता वाचत नाही, हे आपल्याला त्या हातावरूनच कळतं.

पण तैलचित्रं राजवाड्यात राहायची. ती सामान्य माणसापर्यंत न्यायची म्हणून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. एका चित्रातले रंग वेगळे करून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार केला जायचा आणि तोच कागद एकामागून एक दगडांवर छापला जायचा. देवळात ज्यांना पाऊल ठेवू दिलं जात नव्हतं, त्यांनाही आता देव घरी आणता येणार होता.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं मरू लागली, जी उरली ती शहर सोडून पळू लागली. छापखान्याला कामगार मिळेनात, कर्ज वाढत गेलं. अखेर १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तरी गणित जुळलं नाही आणि काही वर्षांतच तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला.

१९०५ मध्ये धाकटा भाऊ राजा राजा वर्मा गेला. तोही चित्रकार. प्रवास, व्यवहार, चित्रं, सगळ्यात तो सोबत असायचा. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, रवी वर्माही गेले. वय ५८.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. तिथून बाहेर पडलेली लक्ष्मी मात्र आजही भिंतीवर आहे. पुढच्या वेळी ती दिसली की तिच्या चेहऱ्यावरचा उजेड जरा थांबून बघा.