दाराशा नौशेरवान वाडिया

दाराशा नौशेरवान वाडिया (ऑक्टोबर १८८३ – १५ जून १९६९) हे भारतीय भूवैज्ञानिक होते. वायव्य हिमालयाच्या रचनेवरील संशोधन आणि 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' हा ग्रंथ यांसाठी ते ओळखले जातात. हिमालय आणि सह्याद्री हे मुळातच निराळ्या जातीचे पर्वत आहेत, हे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या त्यांच्या ग्रंथातून शिकल्या. त्याच ग्रंथातील स्थिर द्वीपकल्पाच्या कल्पनेला सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या भूकंपाने त्यांच्या हयातीतच धक्का दिला.

प्रारंभीचे जीवन

वाडिया यांचा जन्म सुरत येथे जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या पारशी घराण्यात झाला. बडोदा महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९०७ मध्ये ते जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स महाविद्यालयात अध्यापक झाले. शिवालिक टेकड्या तेथून जवळ असल्यामुळे सुट्ट्या डोंगरांतच जात. तेथे त्यांना स्टेगोडॉन या लुप्त गजकुलातील प्राण्याची कवटी व सुमारे तीन मीटर लांबीचा सुळा सापडला. अध्यापन करतानाच त्यांनी लिहिलेला 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' १९१९ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. युरोपातील पदवी नसतानाही १९२१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत त्यांची नेमणूक झाली.

हिमालयातील संशोधन

हिमालयाच्या रांगा पूर्वेकडून वायव्येस जात जात नंगा पर्वताजवळ (८,१२६ मीटर) एकाएकी दक्षिणेकडे वळतात. येथे दोन वेगळ्या पर्वतरांगा भेटत असाव्यात, असाही तर्क केला जात होता. वाडिया यांनी वळणाच्या दोन्ही अंगांचे खडक पायी फिरून तपासले आणि तेच थर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सलग वळतात, असे १९३१ च्या निबंधात दाखवून दिले. पंजाबच्या गाळाखाली द्वीपकल्पाच्या प्राचीन, कठीण खडकाची एक जीभ उत्तरेकडे घुसलेली आहे; दाबाखाली वळ्या पडत असलेले मऊ थर तिला अडून तिच्याभोवती वळले, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

भूपट्ट सिद्धांत त्या वेळी अस्तित्वात नव्हता. आजच्या परिभाषेत भारतीय भूपट्ट सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी यूरेशियन भूपट्टाला भिडला आणि मधल्या टेथिस समुद्रातील गाळाचे थर चुरगळून हिमालय उभा राहिला. ही रेटारेटी अद्याप थांबलेली नाही. साचलेला ताण खडक तुटून मोकळा झाला की भूकंप होतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार–नेपाळमध्ये झालेल्या महाभूकंपाच्या सर्वेक्षण संस्थेने केलेल्या अभ्यासात वाडियांचाही सहभाग होता.

सह्याद्रीविषयीची मांडणी

द्वीपकल्पातील पर्वतांना वाडिया अवशिष्ट पर्वत म्हणत. म्हणजे वळ्या पडून उचलले गेलेले नव्हे, तर भोवतालची भूमी झिजल्यावर उरलेले. सातारा जिल्ह्यात हे उघड्या डोळ्यांनी दिसते. महाबळेश्वरच्या कड्यांत बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे, एकावर एक रचलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे लाव्हाचे थर कृष्णा, कोयना आणि वारणा यांनी कोरून काढले आणि डोंगरांना पायऱ्यांचे रूप आले. कृष्णेच्या काठाने सांगलीकडे उतरत गेले तरी हिमालयासारख्या वळ्या कोठेही आढळत नाहीत. हे वर्गीकरण आजही ग्राह्य आहे. मात्र वळ्या नाहीत म्हणजे भूमी निश्चल आहे, हा त्यापुढचा समज फसवा निघाला. तो एकट्या वाडियांचा नव्हता; त्या काळच्या बहुतेक तज्ज्ञांचा होता.

उत्तरायुष्य आणि कोयनेचा भूकंप

१९३८ मध्ये निवृत्त झाल्यावर ते काही वर्षे श्रीलंकेत शासकीय खनिजतज्ज्ञ होते. पुढे भारताच्या अणुखनिजांच्या शोधाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. १९५७ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९५८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यातील कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता ६.३ ते ६.५ च्या दरम्यान होती. सुमारे दोनशे लोक मृत्युमुखी पडले, दीड हजारांहून अधिक जखमी झाले. घरे झोपेतल्या माणसांवरच कोसळली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले, परंतु ते टिकले. १९७० मध्ये भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलून कोयना परिसर चौथ्या विभागात घालण्यात आला.

जलाशय भरू लागल्यापासूनच तेथे लहान धक्के जाणवत होते. झिरपणाऱ्या पाण्याचा दाब जुन्या प्रस्तरभंगांची पकड सैल करतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. पाणी हे निमित्त. मूळ ताण खडकांत आधीपासूनच असतो आणि हिमालयाशी चाललेल्या टकरीमुळे संपूर्ण द्वीपकल्पच दाबाखाली आहे. १९८५ पासून वारणेचा जलाशय भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेस, सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्याच्या बाजूला सरकले.

वाडिया यांचे १९६९ मध्ये निधन झाले. आदल्याच वर्षी दिल्लीत स्थापन झालेली हिमालयीन भूविज्ञान संस्था १९७६ मध्ये देहरादूनला गेली. पुढे तिला त्यांचे नाव देण्यात आले. कोयना–वारणा परिसराचा अभ्यास कऱ्हाड येथील केंद्रीय प्रयोगशाळेकडून चालतो. गोठणे येथे २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल छिद्रात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि त्याखाली द्वीपकल्पाचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. येथील भूकंपांची केंद्रे बहुतांशी त्याच खडकात असतात.